शेवंताची भिंत

"...मग यात माझं चुकलं कुठं, बाई?"

मोठ्या बाई ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मोठ्या बाई म्हणजे सावरमाळच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. रिटायर होऊन जमाना झाला, पण गावाला त्यांचं खरं नाव आता आठवायचंही नाही. समोर बसलेल्या हणमंत शेडगे गुरुजींना मुळाक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती. आता हणमंत त्याच शाळेत शिकवत होता आणि, खोटं कशाला बोला, झकास शिकवत होता. फक्त ही गोष्ट त्यालाही जरा जास्तच ठाऊक होती.

"बोला ना, बाई."

"तू बोल. मी ऐकतेय."

हणमंतानं पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं.

शाळेला वरून जे काही यायचं ते खडू-डस्टरातच संपायचं. दुसरा असता तर रडत बसला असता. हणमंतानं डोकं चालवलं. आपल्याकडं लग्नात माईकवर आहेर पुकारतात ना, अमक्याकडून नवऱ्याला पोशाख, तमक्याकडून भांड्यांचा सेट... तसाच शाळेला आहेर करायचा. ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणं. आणि गॅदरिंगच्या दिवशी माईकवर नाव पुकारायचं.

आता नाव पुकारायचं म्हटल्यावर माणूस मागं राहतो का? सरपंचानं पंखा दिला. मग त्याच्या भावकीनं दोन दिले. शिंप्यानं पडदे शिवून दिले, किराणावाल्यानं पाट्या दिल्या, कुणी सतरंज्या आणल्या. आपल्या नावाचा पंखा फिरतोय की नाही हे बघायला म्हातारी माणसं खिडकीशी येऊन उभी राहू लागली. हणमंताचा वर्ग बघायला शेजारच्या गावचे मास्तर यायचे. हणमंत त्यांना दारातून आत नेताना असा चालायचा, की बघणाऱ्याला वाटावं याच्याच घरचं लग्न आहे.

आणि त्या गॅदरिंगला त्यानं मोठं मन दाखवलं. म्हणजे त्याला तरी तसं वाटलं.

पायल करांडे म्हणून त्याच्या वर्गात एक पोरगी होती. आई शेवंता. माळाच्या कडेला वेड्या बाभळीची लाकडं जाळून कोळसा पाडणारं घर. हणमंतानं माईकवरच सांगून टाकलं, "शेवंताबाईंकडून शाळा काही घेणार नाही. त्यांची परिस्थिती आपल्याला माहीत आहे. त्यांना आपण सूट देऊ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हणमंताचा ऊर भरून आला.

शेवंता उठली. पोरीचं बखोट धरलं आणि मंडपातून चालती झाली.

त्या दिवसापासून पायल शाळेत नाही. हणमंत भट्टीवर विचारायला गेला, तर शेवंतानं त्याला बसाही म्हटलं नाही. म्हणाली, "आमच्याकडनं काय नको, मग आमची पोरगी तरी कशाला हवी? ती आता येतीया आमच्यासंगं कोकणात."

कोकणात दुसऱ्या भट्टीवर जायचं त्यांचं ठरलेलं होतं. एकदा पोर तिकडं गेली की वर्ष बुडालं, आणि एकदा वर्ष बुडालं की पोर परत येत नाही, हे हणमंतानं बघितलेलं होतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी पोर होती ती. खरं सांगायचं तर ती गेल्यापासून त्याचा वर्गात जीव लागत नव्हता.

"मी तिचं भलंच केलं की नाही? चारचौघांत तिचं ओझं उतरवलं. आणि तिनं मला असं बोलावं?"

मोठ्या बाईंनी एक चिंच सोलली. चिंचोका बाजूला टाकला.

"बाई?"

"काय आणलंस त्या टोपलीत?"

हणमंत विसरूनच गेला होता. त्यानं टोपली पुढं सरकवली. "आमच्या बागेतली द्राक्षं. पहिली तोड. म्हटलं, आधी तुम्हाला द्यावीत."

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला शेजारच्या अनसाबाई चिंचा फोडू लागायला आल्या होत्या. मोठ्या बाई त्यांच्याकडं वळल्या आणि हणमंत तिथं नसल्यासारखं मोठ्यानं म्हणाल्या, "अनसा, याच्याकडून आपण काही घ्यायचं नाही बरं का. याची परिस्थिती मला माहीत आहे."

अनसाबाईंनी लगेच मान हलवली. "व्हय बाई. बिचारं."

बाईंनी टोपली परत हणमंताकडं सरकवली.

हणमंताचे कान तापले. "माझी परिस्थिती? बाई, मला पगार आहे. बाग आहे. यंदा माल बघायला माणसं येतायत. टोपलीभर द्राक्षं द्यायला मी काय भिकेला लागलोय का?"

"तसं नाही रे. पण कशाला तुला ओझं."

"ओझं कसलं? मी हौसेनं आणलीत. सकाळी उठून स्वतः तोडलीत, एक-एक घड बघून!"

"असतील. तुला सूट आहे."

हणमंत ताडकन उठला. चपलेत पाय घातला. टोपली उचलली. अंगणात उतरला, तुळशीपर्यंत गेला...

आणि तिथंच थांबला.

हातातल्या टोपलीकडं बघत राहिला. अनसाबाईंनी काय झालं म्हणून बाईंकडं बघितलं. बाई चिंच सोलत होत्या.

हणमंत परत आला. ओसरीच्या खालच्या पायरीवर बसला. मघाचा रुबाब कुठच्या कुठं गेला होता.

"मी सगळ्या गावासमोर तिला..." तो म्हणाला.

बाईंनी पुढची चिंच घेतली.

"आता काय करू? जाऊन माफी मागू?"

"माफीचं ती काय करील?"

"मग काय मागू?"

"तुला जे लागतंय ते माग."

"पण बाई, तिच्या घरात आहे काय मागण्यासारखं?"

मोठ्या बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. लहानपणी पाढा चुकल्यावर त्या जशा बघायच्या तसं बघितलं, आणि हणमंत उठून चालू लागला. टोपली तिथंच राहिली. ती अनसाबाईंनी आपल्याकडं ओढून घेतली. "मला चालतंय बाई," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हणमंत माळावर गेला. शेवंता भट्टीतून कोळसा ओढत होती. तिनं त्याला बघितलं आणि पाठ फिरवली.

काय मागावं, याचा विचार करत तो रात्रभर कूस बदलत होता, पण काही सुचलं नव्हतं. आता तो नुसताच उभा राहिला. समोर झोपडीची कुडाची भिंत. धुरानं काळीकुळकुळीत झालेली. आणि त्या काळ्यावर खाली, कमरेएवढ्या उंचीवर, चुन्याच्या खड्यानं ओळीनं शब्द लिहिलेले. गेल्या महिन्यात त्यानंच शिकवलेले. पायल घरी बसून रोज उजळणी करत होती.

हणमंतानं वाकून ते सगळे शब्द वाचले. वाचायला आपल्याला वाकावं लागलं, हे त्याच्या ध्यानात आलं.

"शेवंताबाई, एक मागायला आलोय."

ती थांबली. वळली नाही.

"शाळेत फळा एकच आहे. तो माझ्या उंचीचा. पोरांचे हात पोचत नाहीत. वर्गाची भिंत खालून अशी काळी करून द्याल का? सगळी पोरं एकदम उभी राहून लिहितील."

"काळा रंग मिळतोय की बाजारात."

"मिळतो."

"मग आणायचा."

हणमंताच्या तोंडून पुढचं वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पाव्हण्या मास्तरांनी नाही, साहेबांनी नाही, बायकोनं तर नाहीच नाही. "शाळेची ऐपत नाही, शेवंताबाई."

आता ती वळली. त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मग आधी सांगायचं हुतं तसं," ती म्हणाली. "सोमवारी येते. माझ्या हातानं करीन. मधी कुणी लुडबुड करायची न्हाई."

"नाही करणार."

"आन् माईकवर नाव?"

"पुकारणार ना."

"पुकारायचं तर पुरं पुकारायचं. शेवंता किसन करांडे. नुसतं शेवंता न्हाई."

सोमवारी ती आली. पुढं पायल, डोक्यावर कोळशाची पाटी. शेवंतानं निवडून निवडून आणलेला कोळसा शाळेच्या अंगणात कुटला, फडक्यातून गाळला, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवला आणि भिंतीवर एक हात दिला. तो वाळल्यावर दुसरा दिला. मधे सरपंच बघायला आले, तर त्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. सरपंचांनी काढल्या.

नवऱ्यानं कोकणात निघायची घाई लावली, तर त्याला म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. माझी भिंत वाळायची हाय." भिंत वाळली. मग म्हणाली, पोरीची परीक्षा होऊ दे.

हणमंतानं माईक लावून नाव पुकारलं. पुरं. टाळ्या झाल्या, पण शेवंतानं त्या ऐकल्या की नाही कोण जाणे. ती पोरांच्या रांगेकडं बघत होती. सगळा वर्ग भिंतीला चिकटून एकदम लिहीत होता, आणि पायल आपलं लिहून झाल्यावर शेजारच्याचं सुधारत होती. शेवंता कमरेवर हात ठेवून अशी उभी होती, जशी सरपंचाची म्हातारी आई आपला पंखा बघत खिडकीशी उभी राहायची. छे, तिच्याहून ताठ.

काही दिवसांनी हणमंत पुन्हा बाईंच्या ओसरीवर.

"पोरगी आली ना शाळेत?" बाईंनी विचारलं.

"आली. सगळ्यात आधी येते."

"मग तोंड का असं?"

"तिची आई पण येते, बाई. रोज. भट्टीवरनं तशीच. दारात उभी राहून भिंत बघते. कोपऱ्यात पोपडा दिसला की रंगाचा डबा घेऊन हजर. पोरं ओल्या हातानं पुसतात म्हणून मला बोलते, पोरांना नाही. मी शिकवत असताना!"

बाईंनी चिंचोके सुपात भरले.

"काल तर हद्द झाली. मी भिंतीवर लिहीत होतो. तपासणीला साहेब आलेले होते. आणि ही मागून म्हणते, 'गुरुजी, तुमची ओळ खाली उतरतीया.' साहेबांसमोर, बाई! तिला वाचता तरी येतं का?"

"उतरत होती का?"

"...जरा उतरत होती."

"मग?"

"मग मी काय करू, ते सांगा."

मोठ्या बाईंनी सूप उचललं, चिंचोके पाखडले आणि म्हणाल्या,

"ओळ सरळ काढ."