जिथं चौरंग, तिथं भोक

राजवाड्यातले दिवे तडतडायला लागले! तेलात पाणी शिरत होतं. राजबागेतल्या विहिरीतून जमिनीखालचं तेल वर यायचं आणि भोवतीचं पाणी त्यात शिरू नये म्हणून विहिरीला आतून लोखंडी नळ बसवलेला होता. नळ घडवला होता कोंडू लोहारानं. झालं! राजा गर्जनसिंहानं त्याला उचलून कोठडीत टाकलं.

कोंडूची सून भागू तडक दरबारात आली. ही कासाराची लेक; बांगड्या भरण्यात तरबेज आणि बोलण्यात त्याहून!

"सासऱ्याला सोडवायचंय?" राजा गरजला. "मग नळ न उखडता, आत न उतरता सांग, भोक कुठं पडलंय! आणि पुढचं कुठं पडणार, तेही! चुकलीस तर म्हातारा राज्याबाहेर!"

"एवढंच होय?" भागू म्हणाली. दरबार खो खो हसला.

तिनं नळाच्या मापाची लाखेची बांगडी घडवली, ऊन करून मऊ केली, चार बाजूंनी हात-हातावर गाठी मारलेल्या दोऱ्या बांधल्या आणि सोडली विहिरीत! वर आली तेव्हा बांगडी पूर्वेच्या अंगाला गंजानं लालेलाल, पार खरवडलेली. दक्षिणेला नुसते ओरखडे. बाकी गुळगुळीत.

"दोरीच्या या गाठीपाशी अडखळली," भागू म्हणाली. "भोक तिथंच, पूर्वेला!"

प्रधानानं बाहेरून तेवढंच खणवलं. भोक हजर!

"आणि पुढचं?" दरबारात परतल्यावर राजा हट्टाला पेटला.

"दक्षिणेला. महाराज, विहिरीला ताकाचा नैवेद्य कोण दाखवतं?"

"आम्ही स्वतः! दर सोमवारी, आंबटढाण, घागरभर आत ओततो! घराण्याची रीत आहे!"

"आणि बसायचा चौरंग कुठं असतो?"

"पूर्वेला. म्हणजे... तिथं ऊन लागतं, म्हणून चैत्रापासून दक्षिणेला..." राजा बोलता बोलता थांबला.

"आंबट ताक लोखंड खातं! लोखंडी कढईत ठेवलं तर सासूबाई लाटणं घेऊन माझ्या मागे धावतात. तुमच्यामागे कोण धावणार? नळाचं भविष्य सांगायला ज्योतिषी कशाला, महाराज! जिथं तुमचा चौरंग, तिथं भोक!"

आधी राजाच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, मग अख्खं सिंहासन!

"सोडा कोंडूला! नवा नळही तोच घडवेल!"

"आणि हे सोमवारचं ताक, महाराज?" प्रधानानं घागर पुढे करत भीतभीत विचारलं.

राजानं घागर तोंडाला लावली, गटागटा रिकामी केली आणि मिशा पुसल्या. "भागू, खरं सांग. आता मी तर गळणार नाही ना?"

"ते उद्या सकाळी कळेल, महाराज!"

राजा हसता हसता सिंहासनावरून खाली घसरला. तिथूनच ओरडला, "राणीवशाच्या बांगड्या यापुढे हीच भरेल! हिला पालखीतून घरी सोडा!"