कधीच न चुकलेला विश्वंभर

एका नगराला वळवाच्या पावसाची भारी धास्ती होती. अंगणात पापड वाळत असावेत, बाजार भरलेला असावा आणि बघता बघता गारांनी सगळ्यांची दाणादाण उडवावी, हे दर वैशाखात ठरलेलं. शेवटी राजाने त्यासाठी पाठशाळाच काढली. तिथले गुरुजी नारोपंत एकच धडा घोकून घ्यायचे, "पुढच्या वर्षाचं ज्योतिषी सांगतील. तुम्ही येत्या घटकेचं सांगा. ढग अंगावर येताना दिसला, की बुरुजावरचा नगारा बडवा."

शिष्यांत विश्वंभर सगळ्यांत हुशार. ढगाचा रंग, वाऱ्याचा रोख, सगळं तोंडपाठ. त्याचा अंदाज आजवर एकदाही चुकला नव्हता, आणि हे तो कुणी न विचारताही सांगायचा.

परीक्षेच्या दिवशी त्याला बुरुजावर बसवलं. पास झाला तर राजाच्या पदरी चाकरी. खाली बाजार फुललेला. दुपारी डोंगरामागून काळाकुट्ट ढग वर चढला. विश्वंभराने टिपऱ्या उचलल्या. मग मनात आलं, ‘हुलकावणी देऊन गेला तर? लोक तोंडावर हसतील.’ टिपऱ्या खाली ठेवल्या. वारा एकदम पडला. ‘जरा आणखी खात्री करू.’ वीज चमकली. ‘वीज काय, नुसतीही चमकते.’ तेवढ्यात लिंबाएवढी गार त्याच्या टाळक्यात बसली. आता मात्र खात्री पटली. नगारा बडवत तो ओरडला, "गारा पडणार हो, गारा!"

खाली कुंभाराची मडकी फुटली होती, माणसं गाड्यांखाली शिरली होती. पापडवाल्या म्हातारीच्या कपाळावरून रक्त वाहत होतं. तशातही ती गाडीखालून ओरडली, "मेल्या, पडल्या की!"

टेंगूळ चोळत विश्वंभर खाली नारोपंतांकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, अंदाज अगदी खरा ठरला ना?"

"ठरला. तू नापास. आता जा, त्या म्हातारीच्या जखमेवर हळद लाव."

हळद लावताना म्हातारी कळवळली. विश्वंभराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या बाजारी नारोपंतांनी त्याला परत बुरुजावर बसवलं. पुन्हा तसाच ढग चढला. या वेळी विश्वंभराने लगेच नगारा बडवला. बाजार पळाला, पापड घरात गेले, गुरं गोठ्यात गेली. आणि ढग डोंगराला वळसा घालून भलतीकडेच गेला. थेंबसुद्धा पडला नाही. कडकडीत उन्हात लोक त्याला हसून हसून बेजार झाले. तो मान खाली घालून बुरुजावरून उतरला, तर नारोपंतांनी पाठीवर थाप मारली.

"विश्वंभरा, आज तुझा अंदाज चुकला. आज तू पास झालास."

तात्पर्य: आपली फजिती टाळायला जो खात्रीची वाट पाहत बसतो, त्याचा इशारा खरा ठरूनही कुणाच्या कामी येत नाही.