हातात दिलेली भाकरी

"पण आलेला अनुभव खरा की मनाचा खेळ, हे ठरवायचं कुणी?"

फादर अंब्रोज तुस्कानो यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. समोर बसलेले वृद्ध भिक्खू, भन्ते धम्मसार, ऐकत होते.

सातमाळ्याच्या डोंगराखाली पत्र्याचं छोटंसं विहार. सकाळचे अकरा वाजलेले. फादर वसईचे, पस्तिशीतले, रोमला शिकून आलेले. बुद्ध आणि ख्रिस्त दोघांवर मिळून जाडजूड प्रबंध लिहिलेला. त्यामुळे प्रश्नही स्वतःच विचारत आणि उत्तरंही स्वतःच देत.

एवढ्यात झुंबराबाई डबा घेऊन आल्या. विहाराला लागूनच त्यांचं घर.

"फादर, एवढं भन्तेजींच्या हातात द्या बरं. नातीला दवाखान्यात न्यायचंय, मला घाई हाये."

"ठाऊक आहे," फादर म्हणाले. "हातात दिल्याशिवाय भिक्खू खात नाहीत, मागून घेत नाहीत. आणि बारानंतर तर अन्न नाहीच. मी वाचलंय."

डबा शेजारी ठेवून ते पुन्हा सुरू झाले.

"आमच्याकडे चर्च ठरवतं. तुमच्याकडे सूत्रं आहेत, संघ आहे. मग एकट्या माणसाला आतून काही जाणवलं, तर त्याची साक्ष कोण देणार?"

भन्तेंनी डब्याकडे पाहिलं. मग फादरांकडे.

"बोला," ते म्हणाले.

फादर बोलले. संत झाले, आचार्य झाले, धर्मपरिषदा झाल्या... बोलण्याच्या भरात खरी गोष्टही तोंडून निसटली. आईला जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून त्यांना प्रार्थनाच करता येत नव्हती. ओठ हलत, आत काही हलत नसे. धर्मगुरूपद सोडतो, असं बिशपांना लिहिलेलं पत्र खिशात तयार होतं.

"माझ्याच आत काही नसेल, तर मी लोकांना काय देऊ, भन्ते?"

भिंतीवरच्या घड्याळात बाराचे टोले पडले.

भन्ते उठले. माठातलं पाणी प्यायले. पुन्हा येऊन बसले.

"हं. पुढे?"

तेव्हा कुठे फादरांची नजर डब्यावर गेली...

पंचाहत्तरीचा म्हातारा आता उद्यापर्यंत उपाशी. आणि कुणामुळे, तर नियम तोंडपाठ असलेल्या माणसामुळे! फादरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला आठवण का नाही करून दिलीत?"

"तुम्ही वाचलं होतं ना," भन्ते म्हणाले. आवाजात रागाचा लवलेश नव्हता.

फादर त्या दिवशी परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबराबाईंच्या चुलीपुढे जाऊन बसले.

"आज भाकरी मी करतो."

"तुमाला येती व्हय?"

"आईनं शिकवलीय. तांदळाची."

बाजरीचं पीठ तांदळासारखं थोडंच ऐकतं! पहिली भाकरी मोडली, दुसरी करपली. झुंबराबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

तिसऱ्या गोळ्यावर फादरांच्या अंगठ्यानं आपसूक क्रूस काढला. आई थापण्याआधी काढायची, अगदी तसाच. त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली आणि बघता बघता त्यांचे डोळे वाहू लागले. ओठ मिटलेलेच होते. आत मात्र प्रार्थना चालू झाली होती, आणि ते नुसते ऐकत होते. किती वेळ, ते कळलं नाही. भाकरी लागल्याचा वास आला, तशी त्यांनी घाईघाईत ती बोटांनीच उचलली.

बाराला अजून बराच अवकाश होता. फादर विहारात आले ते गरम भाकरी खिशातल्या कागदावर धरून. वाकून त्यांनी ती भन्तेंच्या हातात दिली.

भन्तेंनी कागदाकडे पाहिलं. "हा लागणार नाही ना तुम्हाला?"

"नाही."

भन्तेंनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. फादरांना राहवेना.

"भन्ते, आज चुलीपाशी प्रार्थना झाली. वर्षानं झाली! पण ती खरीच होती, की आईच्या आठवणीनं नुसतं भरून आलं... हे आता कुणाला विचारू? बिशपांना विचारू, की..."

भन्तेंनी त्यांचा हात उलटा करून पाहिला. बोटांच्या टोकांवर फोड आले होते.

"भाजलं?"

"हो. चांगलंच भाजलं."

भन्तेंनी तिसरा घास मोडला.

"कुणाला विचारलंत?"