राखणीचा हात

ही गोष्ट एकदाच घडली, आणि ती आहे गळाच्या एका काठीची. मासे धरण्याच्या काठीत कसलं आलंय शहाणपण, असं कोणी म्हणेल, तर खुशाल म्हणू दे. मला ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

एका विस्तीर्ण तळ्याच्या काठी एका वृद्ध कारागिराची कार्यशाळा होती. ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाने तो बांबूच्या काठ्या घडवून देई. अशा काठीवर दोरी सरकण्यासाठी पितळेच्या लहान कड्या बसवतात, आणि प्रत्येक कडीचे चपटे पाय रेशमी दोऱ्याने काठीला गच्च बांधतात. वरून रोगण चढते. खरी गोम इथेच आहे. कोरे रेशीम रोगण पिऊन टाकते, मग त्याचा रंग बुडतो. लाल काळपट पडतो, पिवळा तर दिसेनासाच होतो. म्हणून हा म्हातारा रोगणाआधी दोऱ्यावर एका पातळ द्रावाचा हात देई. तो वाळला की दोरा रोगणाला आत घेत नसे आणि रंग जसाच्या तसा राहत असे. कार्यशाळेत त्या द्रावाला 'राखण' म्हणत. या राखणीने म्हाताऱ्याचे नाव सर्वदूर पोचवले होते. होडी लांब पाण्यात असली तरी काठीवरचे रंग पाहून लोक सांगत, ही त्याच्या हातची.

त्याची एक शिष्या होती. कोळ्याच्या घरची, जाळी विणत वाढलेली. दोरा हाती आला की तिची बोटं आपोआप चालू लागत. राखण कालवायची कशी, ब्रश किती ओला ठेवायचा, पहिला हात वाळल्याचे कसे ओळखायचे, हे सगळे तिने म्हाताऱ्याकडे पाहून पाहून उचलले. म्हातारा स्तुतीच्या बाबतीत महाकंजूष. फारच खूश झाला तर म्हणायचा, रंग बरा राखलास. तेवढ्यावर ती महिनाभर तरंगत असे.

त्या कार्यशाळेत एक रिवाज होता. मुठीच्या जरा वर, जिथे कडी नसते अशा जागी, काठी घडवणारा आपल्या स्वतःच्या रंगाचा एक अरुंद पट्टा बांधी. तीच त्याची सही. म्हाताऱ्याचा रंग हिरवा होता, आणि शिष्येने घडवलेल्या काठ्यांवरही हिरवाच पट्टा जाई, कारण शिकणाऱ्याचे काम गुरूच्या नावावर जाते. तिने मात्र आपला रंग केव्हाच ठरवून ठेवला होता. जांभळ्या रेशमाचे एक रीळ पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेले होते. अधूनमधून ती ते उघडून पाही आणि पुन्हा गुंडाळून ठेवी.

एके दिवशी एक व्यापारी आला. तळ्यातल्या मोठ्या माशाचा त्याला भारी नाद. त्याने डाळिंबी रंगाच्या दोऱ्याची काठी सांगितली आणि रंग असा हवा, तसा हवा, म्हणून चांगला बजावून गेला. म्हाताऱ्याने ते काम शिष्येकडे सोपवले. म्हणाला, ही काठी शेठना पसंत पडली, तर हिच्यावर तुझा रंग बांध. एवढे बोलून तो आपल्या कामाला लागला. ती मात्र बराच वेळ हातातला बांबू तसाच धरून उभी राहिली.

आता तिने कोणाला न सांगितलेली एक गोष्ट सांगतो. राखण दिलेला दोरा पडद्यासारखा असतो, खालचे काही दिसू देत नाही. कडीचे पाय ओबडधोबड घासलेले असोत, बांबूचे पेर नीट सपाट केलेले नसो, वरून सगळे सारखेच देखणे. सुरुवातीला तीही तसेच उरकत असे. मग एकदा दुरुस्तीला आलेली स्वतःचीच एक काठी तिने उलगडली. खाली कानशीचे ओरखडे होते, कडी चिकटवायच्या सरसाचे गोळे होते. पाहून तिला स्वतःचीच शरम वाटली. तेव्हापासून ती प्रत्येक कडीचा पाय भाताच्या पातीसारखा निमुळता घासू लागली, पेरांवरून नख फिरवून खात्री करू लागली. हे कोणी पाहणार नव्हते, हे तिला ठाऊक होते. तरी ती करी, आणि वर दोरा गुंडाळून ते झाकून टाकी.

या काठीला तर तिने जीव ओतला. दोऱ्याला दोरा खेटून बसला, मध्ये तसूभर फट नाही. डाळिंबी रंग असा खुलला की बघत राहावे. व्यापारी दुसऱ्या दिवशी येणार होता. तिने राखण कालवून वाटी शेजारी घेतली आणि ब्रश साफ करायला लागली.

तेवढ्यात म्हातारा आला. त्याने काठी उचलली, उजेडात फिरवली, अंगठ्याचे नख एकेका कडीपाशी हळूच टेकवून पाहिले. मग वाटी उचलली, दाराबाहेर गेला आणि सगळी राखण मातीत ओतून आला. शिष्येला वाटले, त्यात कचरा पडला असेल. पण म्हाताऱ्याने रोगणाचे भांडे ओढले, ब्रश बुडवला आणि तिच्या कोऱ्या रेशमावर सरळ रोगण चढवायला सुरुवात केली.

डाळिंबी रंग तिच्या डोळ्यांदेखत बुडत गेला. एक कडी, मग दुसरी, मग तिसरी. रोगण लागलेला दोरा परत कोरा होत नाही, हे तिला त्यानेच शिकवले होते.

"बाबा, माझा रंग घालवलात तुम्ही," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने शेवटची कडी होईपर्यंत ब्रश थांबवला नाही. काठी वाळत टाकली, हात पुसले आणि उद्या बघू म्हणून निघून गेला. ती रागाने धुमसत राहिली. म्हाताऱ्याला आपला हिरवा पट्टा सोडवत नाही, असेही तिच्या मनात येऊन गेले. माणसाचे मन दुखावले की ते कुठे जाईल, याचा नेम नसतो. फडक्यातले रीळ तिने त्या दिवशी उघडले नाही.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला, त्याने काठी पाहिली आणि त्याचे तोंड उतरले. मी डाळिंबी सांगितला होता, हे काय भलतेच, असे तो म्हणू लागला. शिष्या मान खाली घालून उभी होती. म्हातारा शांतपणे म्हणाला, शेठ, काठी तेवढी उन्हात नेऊन बघा, नाही आवडली तर दुसरी करून देऊ.

व्यापारी कुरकुरतच बाहेर गेला. उन्हात धरल्यावर दोरा उजळला. काळपट वाटणारा रंग कोकमाच्या सरबतासारखा पारदर्शक झाला, आणि आतले सगळे दिसू लागले. पितळी कडीचे निमुळते पाय बांबूत विरघळून गेल्यासारखे बसलेले. पेरांचा मागमूस नाही. सरसाचा ठिपका नाही. व्यापाऱ्याने काठी फिरवत फिरवत एकेक कडी पाहिली, टोकापर्यंत गेला आणि परत मुठीपर्यंत आला. मासा ओढत असताना ऐन वेळी कडी निखळून पडल्याचा अनुभव त्याने घेतलेला होता, त्यामुळे काय पाहायचे ते त्याला बरोबर कळत होते. शेवटी त्याने विचारले, हे काम कोणाचे?

म्हाताऱ्याने शिष्येकडे बोट दाखवले. मग तिच्याकडे वळून तो म्हणाला, "पोरी, राखण रंग राखते, पण झाकतेसुद्धा. मी जन्मभर राखण दिली. लोकांना रंग हवा होता आणि मला तो देता येत होता, त्याची मला लाज नाही. तूही अजून शेकडो काठ्यांना देशील. पण गेले कितीतरी दिवस माझं नख तुझ्या कड्यांवरून फिरतंय. कोणी बघत नसताना तू काय करतेस, ते मला कळत होतं. असं काम झाकायला माझा हात धजेना."

तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले आणि त्याच वेळी छाती अभिमानाने भरून आली. एवढी वर्षे ती ज्या कौतुकाची वाट पाहत होती, ते रंगाचे नव्हते, हे तिला त्या क्षणी उमगले. कालचा राग आठवून तिने म्हाताऱ्याचे पाय धरले. त्याने तिला उठवले आणि व्यापाऱ्याला म्हणाला की सही व्हायची आहे, थोडे थांबा.

व्यापारी आनंदाने थांबला. काठी आता त्याला हातातून सोडवत नव्हती.

शिष्येने पेटीच्या तळातून रीळ काढले आणि मुठीच्या वर जांभळा पट्टा बांधला. मग आपण काय शिकलो हे दाखवावे, म्हणून ती रोगणाच्या भांड्याकडे वळली. म्हाताऱ्याने तिचा हात धरला. त्याने पहाटेच ताजी राखण कालवून ठेवली होती. ती वाटी त्याने तिच्यापुढे सरकवली.

"इथे दे राखण. या पट्ट्याखाली कडी नाही, काही दाखवायचं नाही अन् झाकायचंही नाही. इथे नुसतं तुझं नाव आहे. ते बुडू देऊ नकोस. ही काठी पाण्यावर गेली की मी काठावर बसून लोकांना सांगणार आहे, तो जांभळा दिसतोय ना, ती आमच्या पोरीची."

तिने ब्रश वाटीत बुडवला, जास्तीचा द्राव काठाला निथळवला आणि पट्ट्यावर राखणीचा पहिला हात दिला. म्हातारा शेजारी बसून तो वाळायची वाट बघत राहिला.