जळका स्विच

वस्तू एकमेकींशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. द्वारकाबाईंच्या जीपचा वायपर मध्येच थांबू लागला, म्हणून मिस्त्रीने त्याच्या स्विचला वीज तपासायचा मीटर लावला.

"कुठे दुखतंय का रे?" मीटरने विचारलं.

"छे! ठणठणीत आहे मी." मीटरला वीज नीट वाहताना दिसावी म्हणून स्विचने आतली जळकी पट्टी जीव एकवटून दाबून धरली.

"अरे, खरं सांग ना बाबा!" वायपर कळवळला.

"तुझं काय जातंय? भंगारात मी जाणार!"

मिस्त्री म्हणाला, "स्विच चांगला आहे, बाई."

चौथ्या दिवशी घाटात समोरच्या ट्रकने काचेवर चिखल उडवला. द्वारकाबाईंनी स्विच ओढला, पुन्हा ओढला. वायपर हललाच नाही. वळण त्यांना दिसलं नाही.

जीप अजून दरीतच आहे. स्विचही आपल्या जागेवर आहे. त्याला तिथून कोणीच काढलं नाही.