सगळ्यांसाठी ठासलेला बार

फार वर्षांपूर्वी, जेव्हा आंबेखोलात माणसांपेक्षा रानडुकरं जास्त होती (आता कसं आहे ते ज्यानं त्यानं आपल्या शेजाऱ्याकडं बघून ठरवावं), तेव्हा तिथं रवळू गावडा नावाचा एक शिकारी होता. अंगानं काठी, आणि बोलणं इतकं कमी की कुत्रंसुद्धा त्याच्या हाकेची वाट बघून झोपी जायचं. आईबाप पटकीत गेले तेव्हा धाकटा भाऊ सोनू अजून रांगत होता. रवळूनं त्याला पाठीला बांधून रान फिरवलं आणि तसाच वाढवला. सोनू मोठा झाला तो हसरा, भाबडा, कुणी काही सांगितलं की मान डोलावणारा. अशी माणसं प्रत्येक गावात असतात. ऐकणाऱ्यांनी इकडंतिकडं बघू नये.

एका साली डुकरांनी नाचणी संपवली, साळिंदरांनी रताळी उकरली आणि बिबट्यानं गोठ्यातली वासरं नेली. गाव रडत राजाकडं गेलं. राजा म्हणाला, गावाला बंदूक देतो, पण एकच.

झालं! एकच बंदूक, तर कसली? कुणाला बिबट्या मारायला मोठी नळी हवी, कुणाला सशांसाठी बारीक. भटजींना माकडं नुसती भ्यायला हवी होती, मरायला नको. गावचा मानकरी भगो गावकर, त्याला डुकराचं मटण सोडून दुसरं काही सुचत नव्हतं. शेवटी सगळे म्हणाले, वापरायची रवळूनं, तर निवडू दे त्यालाच. म्हणजे पुढं शिव्या द्यायला एकच तोंड.

रवळू राजाच्या गावी गेला. तिथं बाबल मेस्त्री बंदुका घडवायचा. भिंतीला ओळीनं बंदुका उभ्या होत्या. रवळूनं एकेक उचलली, खांद्याला लावली, परत ठेवली. मेस्त्री हसायला लागला.

"एक बंदूक सगळ्या जनावरांका? घरातल्या सगळ्यांका एकच वहाण घेशीत काय रे?"

रवळूनं कोपऱ्यातली ठासणीची बंदूक उचलली. नक्षी नाही, चांदी नाही. तोंडातून दारू घालायची, वर पाहिजे ते घालायचं, गजानं ठासायचं, मागं ठिणगी पाडणारी केप लावायची आणि घोडा ओढायचा. मेस्त्रीचं हसू थांबलं.

"शाणो आसस. बंदूक एक चलात. पण ध्यानात ठेव, बार एक चलाचो नाय. ज्याचो त्याका."

आता ठासणीच्या बंदुकीचं असं, की ठासलेला बार उडवल्याशिवाय बाहेर येत नाही. सशासाठी छर्रे ठासले आणि समोर बिबट्या आला, तर बिबट्याला गुदगुल्या होतात आणि शिकाऱ्याचं बारावं होतं. म्हणून काय भेटणार ते सकाळीच ठरवावं लागतं. आणि भरलेली बंदूक घरी चुलीपाशी न्यायची नाही, हा शिकाऱ्यांचा नेम.

रवळू पहाटे अंगणात बसायचा, डोळे मिटायचा, हात पिशवीत घालायचा. हाताला जे लागेल ते ठासायचा. शिशाचे तुकडे ठासले की डुक्कर यायचं. छर्रे ठासले की ससा यायचा. एकदाही चुकला नाही, असं म्हणतात.

सोनू विचारायचा, "दादा, तुका कसा कळता?"

"माका खंय कळता? हाताक कळता."

हळूहळू गावाच्या ध्यानात आलं की भानगड उलटी आहे. येणार ते रवळूला कळत नव्हतं. रवळू ठासायचा, आणि ठासलेलं ऐकून ते यायचं. बार आत असेपर्यंत रानातलं ते जनावर दुसरीकडं जाऊच शकायचं नाही. मग काय विचारता! उजाडायच्या आत अंगणात ही गर्दी. आज माझं डुक्कर भर, आज माझं साळिंदर भर.

चंद्री म्हातारी आली ती काठी आपटत. "माझे फणस कोणतरी उतरवता. त्या चोरासाठी भर काय तरी, मेल्या!"

रवळूनं हात पिशवीत घातला नाही. घरात जाऊन चिमूटभर मीठ आणलं आणि ते ठासलं. तिन्हीसांजेला फणसावरून उतरला तो भगो गावकर. मानकरी! बार झाला, आणि मानकऱ्याला पुढचे कितीतरी दिवस देवळातसुद्धा उभंच राहावं लागलं. लोकांना वाटलं, देवभक्ती वाढली.

पोटभर हसून झालं असेल तर ऐका. मिठाच्या बाराला माणूस आला होता, हे त्या हसण्यात कुणाच्या लक्षात राहिलं नाही. रवळूच्या राहिलं. त्यानं पुन्हा मीठ ठासलं नाही.

शिमगा आला. शिमग्याला सगळा गाव शिकारीला जायचा. ढोल बडवत रान उठवायचं आणि शिकाऱ्यासमोर हाकायचं. पहिल्या दिवशी रवळूनं शिशाचे तुकडे ठासले, एक डुक्कर आलं, पडलं. वाटे करताना भगोनं वाटा लाथाडला.

"रान भरलेला आसा, आणि हेच्यासमोर येता काय, तर एक डुकर! उद्या एकच हाको, आणि त्यात सगळा व्हया. सगळ्यांसाठी एक बार भर."

"बार एक चलाचो नाय, गावकरानू."

"तुका जमणा नाय, तर बंदूक सोनूकडे दे. तो भरतलो."

सोनू हसला. "भरतंय की, दादा. त्यात काय!"

रवळूनं भावाकडं बघितलं. ज्या हाताला काहीच कळत नाही, त्या हातात गाव उद्या काय काय देईल, हे त्याला दिसलं. तो म्हणाला, "मीच भरतंय."

दुसऱ्या दिवशी गावदेवी सातेरीच्या देवळासमोर सगळ्या गावादेखत त्यानं बार भरला. दारू घातली. गोळी टाकली, बिबट्याची. शिशाचे तुकडे टाकले, डुकराचे. मोठे छर्रे भेकराचे, बारीक सशाचे, त्याहून बारीक पाखरांचे. गज उचलला, तोच भगो खदखदून हसला.

"आणि मीठ रे? ता कित्याक ठेवतस? माझी ओळख आसा तेच्याशी!"

गाव हसलं. रवळूचा हात थांबला. जन्मात पहिल्यांदा थांबला, असं म्हणतात. तेवढ्यात सोनूनं देवळातल्या नैवेद्याचं मीठ चिमटीत घेतलंसुद्धा. रवळूनं ते त्याच्या बोटांतून काढून घेतलं. घडायचं ते सोनूच्या हातून नको. त्यानं स्वतः मीठ घातलं आणि गजानं ठासलं.

सड्यावर, उघड्या कातळावर तो एकटा बसला. खालच्या रानात ढोल वाजायला लागले. पहिले ससे आले. मग भेकरं, मग डुकरं, आणि त्यांना खेटून बिबट्या. कुणी कुणाला हुंगलं नाही. पंगतीला बसावं तशी सगळी नळीसमोर येऊन बसली. रवळूनं बंदूक खांद्याला लावली नाही.

मग ढोल थांबले.

झाडीतून हाकेकरी आले. गळ्यात ढोल, हात लोंबते, डोळे उघडे. पुढं भगो, तोंडावर हसू नाही. मागून गावातून बायका चालत आल्या, हाताला भाकरीचं पीठ तसंच. चंद्री म्हातारी काठीशिवाय आली. भटजी आले. जनावरांच्या मधल्या जागा धरून सगळे बसले.

एकटा सोनू बसला नाही. तो चालत राहिला, नळी छातीला टेकेपर्यंत.

"दादा, मी इलंय," तो म्हणाला. आणि तेच रोजचं हसला.

रवळूनं झटक्यात केप काढली. कुणी उठलं नाही. बार आत होता. बार आत असेपर्यंत ही माणसं कुठंही जाणार नव्हती, आणि भरलेला बार एका वाटेनंच रिकामा होतो. त्यानं नळी वर केली. वर आभाळ पाखरांनी काळं झालं होतं. उजवीकडं गाव, डावीकडं रान. खाली तेवढा कातळ होता. कातळासाठी त्या बारात काही नव्हतं.

नळीचं तोंड बंद करून बार उडवला तर बंदूक धरणाऱ्यालाच खाते, हे शिकाऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं.

"सोन्या, मागे सर," तो म्हणाला. सोनू सरला नाही. तेव्हा रवळूनं त्याच्याकडं पाठ केली, कातळातल्या जांभ्याच्या फटीत नळी जाईल तेवढी खुपसली, एक कणही बाहेर उडू नये म्हणून तिच्यावर आडवा पडला, केप लावली आणि घोडा ओढला.

सात गावांनी तो आवाज ऐकला, असं म्हणतात. जनावरं पांगली. माणसं जागी झाल्यासारखी एकमेकांकडं बघायला लागली, आणि प्रत्येकाच्या ओठांवर मिठाची चव होती. कातळाला हातभर भोक पडलं होतं. त्याच्या काठावर बंदुकीची नळी केळीचं साल सोलावं तशी उलगडली होती. रवळू सापडलाच नाही, असं म्हणतात. सोनू म्हणायचा, सापडला होता, पण सांगण्यासारखा नव्हता. त्यानंतर सोनू हसलेला कुणी पाहिला नाही.

आंबेखोलात शिमग्याला शिकार होत नाही. ढोल वाजवत माणसं सड्यावर जातात आणि त्या भोकाशी गाऱ्हाणं घालतात. दुसऱ्या गावांत गाऱ्हाणं म्हणजे पोरं दे, पीक दे, नोकरी दे, शेजाऱ्याचं वाटोळं कर, देवाला झोप लागेपर्यंत यादी. इथं वर्षाला एकच मागणं. ते कोणतं, यावर गाव वर्षभर भांडतं. गावड्यांच्या घरचा माणूस ते भोकात तोंड घालून सांगतो, आणि बाकीचे एकदाच "व्हय महाराजा" म्हणतात. तेवढा वेळ भगो गावकराच्या घरातला माणूस उभा राहतो, आणि शेवटी चिमूटभर मीठ आणून भोकाबाहेर ठेवतो. आत टाकत नाही.

कधी एखादा नवा जावई, नाहीतर मुंबईहून आलेला शहाणा, चांगल्या मनानं बोलून जातो, "देवा, सगळ्यांना सगळं दे."

तेव्हा कुणी त्याला रागावत नाही. ढोल थांबतात. आणि सगळं गाव वळून रानाकडं बघतं, कोण येतंय ते.