राजाला न गिळवलेलं पाणी

फार फार वर्षांपूर्वी एक राज्य होतं. तिथे घरोघरी बोलक्या पेट्या होत्या. पेटी जरा जुनी दिसली की लोक ती फेकायचे आणि नवी आणायचे. प्रत्येक पेटीच्या पोटात हिरव्या पाट्या असत. लोक त्यांना सर्किट म्हणत. त्यांत तांबं होतं, चिमूटभर सोनं होतं आणि विषही होतं.

फेकलेल्या पेट्या जायच्या कुठे? राजधानीत नाही हो! राजधानी स्वच्छ हवी ना! त्या जायच्या टेकडीपलीकडे, झारेकऱ्यांच्या गावात. झारेकरी म्हणजे सोनारांच्या दुकानातला केर धुऊन सोन्याचे कण काढणारी कष्टाळू माणसं.

पाट्या जाळून सोनं काढा, असा हुकूम घेऊन राजाचा प्रधान तिथे आला. तेव्हा त्यांच्यातली एक म्हातारी त्याला म्हणाली, "परधानजी, ह्या पाट्या जाळू नगा. आमी हातानं सुट्ट्या करू, झाकल्या भट्टीत वितळवू. येळ लागंल, पन कुनाच्या जिवाला घोर न्हाई."

"वेळ आहे कुणाला?" प्रधान खेकसला. "जाळा! राखेवर तेजाब ओता!"

पाट्या उघड्यावर जळू लागल्या. माणसं खोकून खोकून बेजार झाली. तेजाब ओढ्यात गेलं आणि तिथून विहिरीत झिरपलं. गावाला विहीर ती एकच. इकडे प्रधान दरबारात मिरवत होता, कचऱ्यातून सोनं काढलं म्हणून! जनाची नाही, मनाची तरी लाज वाटायला हवी होती.

राजा सोनं न्यायला आला. त्या राज्यात रीत होती, ज्या गावची संपत्ती न्यायची त्या गावचं पाणी राजाने आधी प्यायचं. प्रधानाने गुपचूप राजवाड्यातलं पाणी आणलं होतं. म्हातारीने ते बाजूला सारलं आणि विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढे केला.

वास येताच राजाने तोंड फिरवलं. "हे काय पाणी आहे?"

"आमी रोज ह्येच पितो, म्हाराज. एक घोट घ्या, मग सोनं न्या."

राजाला तो घोट घेववला नाही. त्याची मान खाली गेली.

सोनं गावातच राहिलं. त्यातून लांबून पाणी आणलं, झाकलेल्या भट्ट्या बांधल्या. प्रधानाला पाट्या सुट्ट्या करायला बसवलं. विहीर मात्र हुकमाने शुद्ध होत नसते. म्हातारी गेली, तिची नातवंडं म्हातारी झाली, तरी त्या विहिरीत कुणी घागर बुडवली नाही.

म्हणून सांगतो, वस्तू आपण वापरली तर तिचं विष निस्तरणंही आपलंच काम आहे. ते दुसऱ्याच्या दारात लोटणारा कितीही सोनं मिळवो, तो गुन्हेगारच.